घोड्यावर एक, खाली तिघे

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. सातवीपर्यंत शिकले. शाळेत एकदाच टिळक पुण्यतिथीला चार ओळी बोलायला उभी राहिले होते, त्यातली तिसरी ओळ विसरले आणि खाली बसले. म्हणून आजचे हे वहीत लिहून आणले आहे, ते वाचून दाखवते. चिटणीसबाई म्हणाल्या, "दरवर्षी आपल्याकडे लोणची आणि भरतकाम यांवर बोलणे होते. यंदा तुम्ही रविवारी सकाळी जाता कुठे, ते सांगा." मी रविवारी सकाळी धाकटीला घेऊन रिक्षाने जाते आणि साडेदहाला अंगाला घोड्याचा वास घेऊन परत येते, हे आळीत सर्वांना ठाऊक आहे. कशाला जाते, याविषयी मात्र तर्क पुष्कळ आहेत. एक माझ्याही कानावर आला. मी म्हणे पोरीला शर्यतीत उतरवणार आहे!

शर्यतीचे काही नाही. पण घोड्याचे आहे, हे खरे.

माझी धाकटी अकरा वर्षांची आहे. तिला कोणी अपंग म्हणते, कोणी दिव्यांग म्हणते, जुनी माणसे पांगळी म्हणतात. मी धाकटी म्हणते. ती सातव्या महिन्यात जन्मली. वर्षाची झाली तरी मान धरीना, तेव्हा मोठ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सांगितले, सेरेब्रल पाल्सी. मेंदू वाढत असताना, जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मल्यावर लवकरच, त्याला इजा झाली की असे होते. हात, पाय, कंबर शाबूत असतात, पण त्यांना हुकूम देणारा जो वरचा अधिकारी, त्याचे हुकूम वेडेवाकडे येतात. कोणाचे स्नायू ढिले पडतात, कोणाचे ताठ होतात. धाकटीचे ताठ झाले. बुद्धी चांगली आहे. तुमच्यापैकी कोण हळदीकुंकवाला दोनदा साडी तीच नेसून आली, हे ती मला घरी आल्यावर सांगते.

आपण सगळ्याजणी मुले कडेवर घेऊन वाढवली. मूल कडेवर घेतले की ते आपोआप पाय फाकवून कमरेला बिलगते, त्याला शिकवावे लागत नाही. धाकटीचे पाय कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर चढत. कडेवर घ्यायचे तर आधी तिच्या मांड्या तळहाताने चोळून हळूहळू मोकळ्या कराव्या लागत. मग एकदा बसली की मी चालू लागायची आणि दहा-पंधरा पावलांनी तिचे अंग सैल पडायचे. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणत, "असेच घेऊन फिरा, फार चांगले आहे." मी फिरले. पाण्याला, दळणाला, वाण्याकडे, देवळात. सात वर्षे फिरले. आठव्या वर्षी माझी कंबर धरली आणि ते फिरणे संपले.

आता घोड्याकडे येते. आमच्या घरात घोडा नवा नाही. मामंजी लग्नाची घोडी ठेवीत. आमचे हे नदीपलीकडच्या तबेल्यात मोतद्दार आहेत. खरारा, चंदी, नाल, तंग हे शब्द माझ्या घरात मीठ-मिरचीसारखे वापरले जातात. तबेल्याच्या मालकांनी यांना एकदा सांगितले, की परदेशात अशा मुलांना घोड्यावर बसवून उपचार करतात. यांनी ते जेवताना मला सांगितले आणि ते ताटावरून उठले. मी मात्र उठले नाही. माझ्या डोक्यात ते बसले.

पुढे जे केले ते सांगायला लाज वाटते, पण सांगते, कारण तुमच्यापैकी कोणी तसे करू नये. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. हे कामावर गेले होते. मामंजींची घोडी, चंद्री, अंगणात बांधलेली होती. गरीब जनावर, बॅंडबाजाच्या गलक्यात उभे राहणारे. मी ओट्यावर चढले आणि धाकटीला तिच्या पाठीवर ठेवले. डोक्याला काही नाही, पाठीवर खोगीर नाही, धरायला मी एकटी. पोरगी हसली. मला वाटले, जिंकले. तेवढ्यात तिचे पाय एकदम आवळले, त्यांना तशी उबळ येते, आणि टाचा घोडीच्या बरगड्यांत घुसल्या. घोड्याला बरगडीत टाच म्हणजे 'पळ' असा हुकूम! बॅंडला न बिचकणारी घोडी त्या हुकुमाला इमानाने जागली. धाकटी पडली. खांद्याजवळचे हाड मोडले, तीन आठवडे पट्टा बांधावा लागला. सासूबाई बोलल्या ते बोलल्याच. पण हे मला एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवस ते घोडीशीही बोलले नाहीत. तेच मला जास्त लागले.

त्या पट्ट्याच्या निमित्ताने पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे जाणे झाले. मी सगळे खरे सांगितले. त्या रागावतील म्हणून मान खाली घालून बसले होते. त्या म्हणाल्या, "कल्पना चुकीची नाही हो तुमची, रीत चुकली." आणि मग त्यांनी मला जे समजावले, ते त्यांच्या शब्दांत मला सांगता येणार नाही, माझ्या शब्दांत सांगते.

घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ तीन तऱ्हेने हलते. पुढेमागे होते, डावी-उजवीकडे झुकते आणि किंचित वळतेही. वर बसलेल्याची कंबर त्याबरोबर तशीच हलते. आणि आपण माणसे दोन पायांवर चालतो तेव्हा आपली कंबर जशी हलते, त्याच्याशी ही हालचाल फार जुळते. म्हणजे जे मूल कधी चालले नाही, त्याच्या कमरेला चालणे म्हणजे काय ते घोडा कळवतो. घोडा मिनिटाला सुमारे १०० पावले टाकतो. अर्ध्या तासाचा हिशोब तुम्हीच करा, ३००० झाली. दर पावलाला मुलाला तोल थोडा सावरावा लागतो. असा व्यायाम सतरंजीवर कोणी करून घेऊ म्हटले तर मूलही कंटाळेल आणि करवून घेणारीही. शिवाय घोड्याचे अंग आपल्यापेक्षा थोडे ऊन असते, साधारण १०० अंश. त्या उबेने आणि झोक्याने ताठलेल्या मांड्या सैल पडतात. हे ऐकताच मी म्हटले, "बाई, ही तर कडच झाली!" त्या हसल्या आणि म्हणाल्या, तसेच समजा.

यात दोन प्रकार आहेत. एकात घोड्याची चाल हेच औषध. मुलाने काही करायचे नाही, व्यायामाची जाणकार बाई घोड्याची चाल कमी-जास्त करून उपचार करते. दुसऱ्यात मूल खरोखर स्वारी शिकते, लगाम धरते, घोडा थांबवते, वळवते. धाकटीचे पहिल्यापासून सुरू झाले आणि आता ती दुसऱ्यात थोडी शिरली आहे.

पण सर्वांना घोडा चालत नाही, हेही त्यांनी बजावले. धाकटीच्या खुब्याचा फोटो आधी काढवला, कारण अशा मुलांचे खुब्याचे हाड खोबणीतून सरकते आणि आईला ते कळतही नाही. ज्या मुलांना डाउन सिंड्रोम असतो, त्यांच्यातल्या काहींचे मानेतले वरचे दोन मणके सैल असतात, त्यांची मान आधी तपासावी लागते. फिटा आटोक्यात नसतील, हाडे ठिसूळ असतील, बसायच्या जागी जखम असेल, तर नाही म्हणजे नाही. आणि घोड्याच्या केसांनी ज्याला दमा उठतो, त्याने लांबूनच पाहावे. डॉक्टरांची चिठ्ठी नसेल तर आमच्या वर्गात आता कोणाला चढू देत नाहीत, मोतद्दाराच्या मुलीलाही दिले नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला एका बाईची गोष्ट सांगितली. पुढे माझ्या थोरल्याने मोबाइलवर शोधून ती मला सगळी वाचून दाखवली. आपण बायका आहोत म्हणून ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

डेन्मार्क देशात लिस हार्टेल नावाची घोडेस्वार बाई होती. १९४४ साली, वयाच्या २३ व्या वर्षी, तिला पोलिओ झाला. तेव्हा ती गरोदर होती, आणि देशावर जर्मनांचा कब्जा होता. आपल्या पिढीतल्या प्रत्येकीने गावात पोलिओने पाय गेलेले एक तरी मूल पाहिले आहे. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा आपणच बूथवर नेऊन पोरांना थेंब पाजलेले होते. तर त्या बाईचे हातपाय लुळे पडले. मुलगी मात्र धडधाकट जन्मली. मग ती हळूहळू हात उचलू लागली, कुबड्यांवर चालू लागली. पण गुडघ्याखाली पायांत जोर आला नाही तो नाहीच. तिला घोड्यावर दुसऱ्यांनी उचलून बसवावे लागे. स्वार घोड्याला पोटरीच्या दाबाने खुणा करतो, तेच तिला जमेना. म्हणून तिने ज्युबिली नावाच्या घोडीला आपल्या बसण्याचा भार इकडून तिकडे सरकवून खुणा शिकवल्या.

घोड्याला नाचऱ्या, नेमक्या चालीने चालवण्याची एक स्पर्धा असते, तिला ड्रेसाज म्हणतात. ऑलिंपिकमध्ये ही स्पर्धा पूर्वी फक्त लष्करी अधिकाऱ्यांची होती. बायकांना प्रवेश १९५२ साली हेलसिंकीला प्रथम मिळाला, आणि तोही पुरुषांच्याच बरोबरीने, वेगळी पंगत नाही. त्या पहिल्याच वर्षी हिने रुपेरी पदक घेतले. पदक घ्यायला चौथऱ्यावर चढायचे, तर पायांत बळ नाही. पहिला आलेला स्वीडनचा सेंट सीर म्हणून स्वार होता, त्याने तिला हात देऊन वर घेतले. १९५६ साली स्पर्धा मेलबर्नला होत्या, पण ऑस्ट्रेलियात परदेशी घोडे आणण्यास मनाई असल्याने घोड्यांच्या तेवढ्या स्पर्धा स्टॉकहोमला भरल्या. तिथे त्याच घोडीवर तिने पुन्हा रुपेरी पदक मिळवले. २००९ साली ती वारली.

तिच्याकडे पाहून युरोपात पुष्कळांना वाटले, की पाय गेलेल्याने घोड्यावर बसू नये असे कोणी ठरवले? १९६९ साली इंग्लंडात अपंगांच्या घोडेस्वारीची मोठी संस्था निघाली, त्याच वर्षी अमेरिकेतही निघाली. अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे पॅरालिंपिकमध्ये, १९९६ सालापासून घोडेस्वारी आहे. माझ्या धाकटीने ऑलिंपिकला जावे असे माझ्या मनात नाही. तिच्या मनात आहे.

आता आमच्या वर्गाचे सांगते. तबेल्यामागच्या मैदानात दर रविवारी सातला सुरू होतो. डॉक्टरीणबाई आणि एक निवृत्त घोडेस्वारी शिक्षक मिळून तो चालवतात. घोडा एकच, सोळा वर्षांचा, बदामी रंगाचा. पूर्वी शिकाऊ स्वारांना घेऊन फिरायचा. घोडा निवडायला त्यांनी तीन महिने घेतले. तरणा, तेजदार, शर्यतीतला इथे कामाचा नाही. याच्या अंगावर चेंडू टाकून पाहिले, छत्री उघडून पाहिली, चाकाची खुर्ची खडखडत शेजारून नेली, पोटाला टाचा मारून पाहिल्या. तो मालकांकडे 'झाले का तुमचे' अशा नजरेने बघत राहिला. तेव्हा पास झाला. त्यालाही मर्यादा आहे. सकाळी अडीच तासांहून जास्त काम त्याला देत नाहीत, आणि फार वजनाचे माणूस बसवत नाहीत. मधे पाणी, मधे विसावा. याबाबतीत आमचे हे इतके कडक, की स्वतःच्या मुलीचा फेरा चालू असतानाही घड्याळ बघतात.

चढायला लाकडी चौथरा आहे, त्याला एका बाजूने उतार, म्हणजे खुर्ची वर ढकलता येते. डोक्याला हेल्मेट घातल्याशिवाय चौथऱ्यावरही चढायचे नाही. रिकिबी अशा, की मूल पडलेच तर पाऊल अडकून फरफटणार नाही. पहिले दोन महिने धाकटीला खोगीरही नव्हते, जाड गादी आणि तिला धरायला पुढे कडी असलेला पट्टा. मैदानाच्या कडेला पाट्यांवर इंग्रजी अक्षरे आहेत. ती क्रमाने नाहीत. ए, मग के, मग ई, मग एच, मग सी, एम, बी, एफ. जगभर म्हणे याच क्रमाने लावतात. धाकटीला ती पाठ आहेत, आणि इंग्रजीचा क्रमही तोच असे समजून तिने शाळेत बाईंशी वाद घातला.

घोड्यावर ती नुसती बसत नाही. एका अक्षराशी खुंटीवरची रिंग काढायची, पुढच्या अक्षराशी टोपलीत टाकायची. वाकून आयाळ धरायची, मागे हात नेऊन शेपटीकडे बोट दाखवायचे. कधी उलटे तोंड करून बसवतात. तिला वाटते खेळ चालला आहे. खेळच आहे, पण हात सोडून तोल सांभाळल्याशिवाय एक रिंग निघत नाही.

फायदा काय झाला, असे तुम्ही विचारणार. चालू लागली का? नाही. चालणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितले होते. मेंदूची इजा घोडा भरून काढीत नाही; कोणी तसे सांगून पैसे मागितले तर दारातून घालवून द्यावे. पण पूर्वी जेवायला तिला भिंत आणि तांदळाचा डबा यांच्यामध्ये खोचून बसवावे लागे. आता ती पाटावर मोकळी बसते. आमटीभात संपेपर्यंत बसते, ताकापर्यंत जराशी कलते. मांड्या सैल झाल्याने तिला आंघोळ घालणे, कपडे बदलणे सोपे झाले. मुलगी मोठी होत चालली आहे, यात आईला किती सुटका वाटते हे मी बायकांना वेगळे सांगायला नको. हे सगळे एकट्या घोड्याने झाले नाही, रोजचा सतरंजीवरचा व्यायाम चालूच आहे. पावसाळ्यात मैदानात चिखल होतो, जून ते सप्टेंबर वर्ग बंद असतो. गेल्या वर्षी ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाला तेव्हा तिचे पाय पुन्हा आवळलेले होते. दिवाळीपर्यंत ते मोकळे व्हायला लागले.

आता ज्यासाठी मी चिटणीसबाईंना 'हो' म्हटले ते सांगते.

घोड्यावर मूल एक असते, पण खाली माणसे तीन लागतात. एक घोडा धरून पुढे चालणारा, आणि दोन्ही बाजूंना एक एक, मुलाच्या मांडीवर हात ठेवून चालणारे. माझ्या हातून धाकटी पडली, ती तिथे मी एकटी होते म्हणून. आमच्या वर्गात सात मुले आहेत. घोडा धरायला आमचे हे असतात. बाजूला चालायला दोन कॉलेजातले मुलगे येत असत, ते परीक्षा झाल्यावर नोकरीला बाहेरगावी गेले. आता एका बाजूला मी असते आणि दुसऱ्या बाजूला शिक्षक स्वतः. ते सत्तरीला आलेले आहेत. चार मुले होईपर्यंत ते थकतात आणि वर्ग थांबवावा लागतो. उरलेली तीन मुले तशीच परत जातात. मागल्या रविवारी एका गवंड्याचा मुलगा दोन बस बदलून आला होता. हेल्मेट घालून चौथऱ्यावर सव्वा तास बसला. त्याची आई मला म्हणाली, "असू द्या ताई, त्याने घोडा पाह्यला तरी." मूल मात्र काही बोलले नाही, हेल्मेट काढू देईना.

आपल्या मंडळात आपण तेवीस जणी आहोत. त्यातल्या नऊ-दहा जणी रोज पहाटे टेकडीपर्यंत चालून येतात, हे मी गॅलरीतून बघते. गुडघे दुखतात असे म्हणत म्हणत जाता आणि गप्पा मारत येता. तेच चालणे रविवारी घोड्याच्या बाजूने करायचे. घोड्याची भीती वाटेल, मला माहीत आहे; पण लगाम आपल्या हातात नसतो, तो यांच्या हातात असतो. घोड्याच्या मागून जायचे नाही आणि एकदम ओरडायचे नाही, एवढे दोनच नियम मी पहिल्या दिवशी शिकले. हात भरून येतो, ते खरे. तेव्हा 'थांबा' म्हणायचे, घोडा उभा करतात आणि बाजू बदलतात. मुलाशी फार बोलायचे नाही, त्याला काम करू द्यायचे. साडी नेसून चालते, मीही साडीच नेसते, फक्त निऱ्या वर खोचून. पायात चपला नकोत, बंद बूट हवेत, कारण घोड्याचा पाय पडला तर तो क्षमा मागत नाही. काचेच्या बांगड्या काढून ठेवाव्या. आणि गजरा घालून येऊ नये. माझा एकदा त्याने वेणीसकट ओढला.

शिकवायला एक सकाळ पुरते. दोघी जरी आल्या तरी शिक्षकांना बसता येईल आणि सातही मुले चढतील. दर रविवारी एकीला जमणार नाही, कोणाकडे पाहुणे, कोणाकडे पूजा. पाळी लावून घेऊ. वही मी केली आहे, चिटणीसबाईंच्या टेबलावर चहाच्या किटलीशेजारी आहे.

रविवारी पावणेसातला मी आणि धाकटी कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी रिक्षात असतो. मागे आणखी एकीची जागा आहे, आणि दुसरी पुढे रिक्षावाल्याजवळ बसायला तयार असेल तर धाकटीची खुर्ची मी मांडीवर घेईन.